खोलीचे चित्र देता, तर त्यावर मापही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाडवा असो की दसरा-दिवाळी, टाइल्स, रंग आणि मॉड्युलर फर्निचरच्या दुकानांच्या जाहिरातींत हल्ली एकच गोष्ट ठळक असते : खोलीचा फोटो द्या, नवे घर लगेच पाहा. दुकानात टॅबवर हॉल उभा राहतो, बोट फिरवले की फरशी बदलते, भिंतीचा रंग बदलतो, सोफा येऊन बसतो. ही साधने उपयोगाची आहेत, त्याबद्दल वाद नाही. दोन इंचांच्या शेड कार्डावरून अख्ख्या भिंतीची कल्पना करण्यापेक्षा हे केव्हाही बरे. अडचण पुढे सुरू होते. ग्राहक त्या चित्रालाच माप समजतो, विक्रेता त्यावरूनच खोकी मोजतो, आणि चूक कळते ती गवंड्याने पहिली ओळ लावल्यावर. तोवर खोकी फुटलेली असतात आणि कापलेली फरशी कोणी परत घेत नाही. म्हणून मागणी एवढीच आहे की, विक्रेत्याने ग्राहकाच्या हातात असे चित्र दिले, तर ते कोणत्या मापावर काढले, माप कोणी आणि कशाने घेतले, माल नेमका कोणता आणि चित्रात काय गृहीत धरले आहे, हे त्या चित्रावरच छापलेले असावे.

आधी एक भेद स्पष्ट व्हायला हवा, कारण दुकानात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपतात. पहिली म्हणजे फोटोवर फरशी किंवा रंग चढवणारी साधने. फोटोत जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, एवढेच त्यांना कळते. खोली किती फुटांची आहे, हे त्यांना ठाऊक नसते. दुसरी म्हणजे नकाशा काढून त्यावर खोली उभी करणारी साधने, जसे स्केचअप, किंवा फुकट मिळणारे स्वीट होम थ्रीडी. यांचे चित्र आपण भरलेल्या आकड्यांइतकेच खरे असते. तिसरी म्हणजे फोटो आणि चार ओळी दिल्या की नवीच खोली रंगवून देणारी एआय साधने. यात छताखालची बीम नाहीशी होते, खिडकी हातभर रुंद होते, स्विचबोर्ड गायब होतो, आणि समोर दिसणारा दिवा कोणत्याही बाजारात मिळत नाही. आपल्याला काय आवडते हे चाचपून पाहायला हा तिसरा प्रकार चांगला. ऑर्डर द्यायला तो अजिबात वापरू नये, आणि विक्रेत्याने तो कोटेशनला जोडूही नये.

नकाशाच्या साधनात सर्वांत जास्त चुका होतात त्या एका टिंबापायी. आपण बोलताना ‘दहा सहा’ म्हणतो, म्हणजे १० फूट ६ इंच. टॅबवर भरताना १०.६ असे भरले जाते. साधन त्याचा अर्थ दहा पूर्णांक सहा दशांश फूट, म्हणजे १० फूट ७.२ इंच असा लावते. जवळजवळ सव्वा इंचाने खोली वाढली. ‘दहा दहा’ १०.१० असे भरले, तर साधनाच्या लेखी ते १० फूट १.२ इंच होते आणि खोली जवळजवळ नऊ इंचांनी आखडते. यावर सोपा उपाय आहे. साधनाचे एकक मिलिमीटर करून टाकायचे आणि सगळी मापे मिलिमीटरमध्येच घ्यायची. सुतार सुतात (इंचाच्या आठव्या भागात) बोलत असेल तर त्याला टेपची दुसरी बाजू दाखवायची, हरकत नाही. मात्र कागदावर एकच एकक असावे.

दुसरा घोळ करारनाम्यातल्या क्षेत्रफळाचा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) घरातल्या आतल्या भिंतींखालची जागाही धरली जाते. त्या जागेवर फरशी बसत नाही. उलट बाल्कनी त्यात धरत नाहीत आणि तिथे मात्र फरशी लागते. त्यामुळे करारातला आकडा फरशीच्या हिशेबात टाकणे चूकच. माहितीपत्रकातल्या खोलीच्या मापांवरही विसंबू नये, कारण गिलावा, जिप्सम आणि नंतर चढवलेली पुट्टी यांनी प्रत्यक्ष माप कमी झालेले असते.

माप कसे घ्यावे? फोन खोलीभर फिरवून मिळणारे माप सोफा कुठे बसेल हे ठरवायला पुरते, पण एखाद-दोन इंचांचा फरक त्यात सहज पडतो. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी आणि कोरी पांढरी भिंत यांवर कॅमेऱ्याला धरायला खूणच मिळत नाही, म्हणून चित्र सरकते. लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) असलेले फोन, म्हणजे २०२० च्या आयफोन १२ प्रोपासूनची प्रो मॉडेल्स, यात बरीच सुधारणा करतात. पण आरसा किंवा काचेचे दार समोर आले की तेही फसतात. पक्क्या कामाला लेझर मीटर घ्यावा, दोन मिलिमीटरच्या आसपास अचूकता मिळते. रुंदी एकदा मोजून भागत नाही. जमिनीलगत, कमरेइतक्या उंचीवर आणि छताजवळ अशी तीनदा मोजायची आणि तिन्ही आकडे लिहायचे. मग दोन्ही कर्ण. ३०५० बाय ३६६० ची खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ४७६४ च्या आसपास येतील. एक ४७५० आणि दुसरा ४७८० आला, तर खोली तिरकी आहे. टॅबवरचे चौकोनी चित्र ती तिरकस दाखवणार नाही, पण फरशीचा शेवटचा तुकडा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होऊन ती दाखवून देईल. कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिऱ्याच्या जुन्या घरांत तर प्रत्येक भिंत वेगळी मोजल्याशिवाय चित्र काढण्यात अर्थच नाही.

आता फरशीचा हिशेब, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. समजा हॉल १० बाय १६ फुटांचा, म्हणजे ३०५० बाय ४८८० मिलिमीटर आहे. निवडलेली टाइल ६०० बाय १२००, म्हणजे बाजारात जिला आपण दोन बाय चार म्हणतो ती. एका खोक्यात दोन नग, १.४४ चौरस मीटर. साधन क्षेत्रफळ काढते १४.८८, भागिले १.४४, म्हणजे सव्वादहाच्या वर. त्यावर दहा टक्के कटिंग धरले की १२ खोकी. चित्रात फरशी अखंड, देखणी दिसते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. २ मिलिमीटर सांधा धरला तर रुंदीत पाच टाइल्स ३०१० मिलिमीटर खातात आणि भिंतीशी ४० मिलिमीटरची, म्हणजे दीड इंचाची चिंधी उरते. लांबीत चार टाइल्स ४८०८ खातात आणि ७२ मिलिमीटर उरतात. १२ खोक्यांत हॉल बसतो खरा, पण तो दोन बाजूंना अशा पट्ट्या लावूनच. वरून स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आली की चाळीसची पट्टी तीसचीच दिसते. कापताना तिचे कोपरे उडतात, आणि घरात शिरल्याबरोबर नजर तिथेच जाते.

चांगला गवंडी असे करणार नाही. तो मध्य काढून दोन्ही बाजूंना सारखे तुकडे घेईल. रुंदीत चार अखंड आणि दोन्ही कडांना ३२० चे तुकडे, लांबीत तीन अखंड आणि दोन्ही टोकांना ६३६ चे. दिसायला उत्तम. पण सहाशेच्या टाइलमधून ३२० चा तुकडा एकच निघतो, उरलेला २७८ चा कुठेच लागत नाही. बाराशेमधून ६३६ चाही एकच. म्हणजे एका ओळीत सहा, अशा पाच ओळी, एकूण ३० टाइल्स. १५ खोकी. साधनाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा तीन जास्त. आता टाइल आडवी फिरवून पाहा. १२०० ची बाजू खोलीच्या रुंदीत घेतली तर दोन अखंड आणि एक ६४६ चा तुकडा बसतो, तो सोफ्याच्या बाजूला टाकता येतो. लांबीत सात अखंड आणि दोन्ही टोकांना ३३२ चे तुकडे. तीन गुणिले नऊ, २७ टाइल्स, १४ खोकी, आणि एक टाइल पुढच्या दुरुस्तीसाठी शिल्लक. हा फरक क्षेत्रफळावर चालणाऱ्या कोणत्याही साधनाला कळत नाही. मांडणीचा नकाशा काढून नग मोजले तरच कळतो. दुकानदाराने तो नकाशा द्यावा, आणि ग्राहकाने खोक्यांची संख्या त्यावरून ठरवावी. काम निम्म्यावर आल्यावर कमी पडलेली तीन खोकी आणायला गेलात, की तोच लॉट मिळेल याची खात्री नसते. गुजरातेतल्या मोरबीहून आलेल्या पुढच्या लॉटची छटा आणि कधी कधी नेमके माप दोन्ही किंचित वेगळे असते. जुन्या-नव्या टाइल्स शेजारी आल्या की दुपारच्या उन्हात सीमारेषा आखल्यासारखी दिसते. खोके उघडण्याआधी सगळ्या खोक्यांवरचा लॉट आणि साइजचा शिक्का जुळवून घेणे हे काम पाच मिनिटांचे आहे.

टाइलच्या चित्रांबाबत विक्रेत्यांनी लक्ष द्यावे अशी आणखी एक गोष्ट. मार्बलसारख्या दिसणाऱ्या टाइल्समध्ये एकाच डिझाइनचे चार-सहा वेगवेगळे फेस, म्हणजे वेगवेगळ्या शिरांचे छाप असतात. दुकानाच्या साधनात बहुधा एकच फेस चढवलेला असतो. मग चित्रात एकच शीर दर चार फुटांवर पुन्हा उमटते आणि ग्राहक चांगली टाइल नाकारतो. नाहीतर उलटे होते, चित्रात शिरा सलग जुळलेल्या दाखवतात आणि प्रत्यक्ष मालात त्या जुळणाऱ्या नसतात. फेस सगळे चढवा, प्रत्येकाला खरे मिलिमीटर माप द्या, सांध्याची रुंदी आणि त्यात भरायच्या ग्राउटचा रंग दाखवा. ग्लॉसी, मॅट आणि कार्व्हिंग यांतला फरक टॅबवर जवळजवळ दिसतच नाही. न्हाणीघरासाठी निवड करताना ग्राहकाला खरी टाइल जमिनीवर ठेवून, पाणी टाकून, अनवाणी पाय ठेवून पाहू द्या.

फर्निचरच्या चित्रात सगळी दारे बंद असतात, ही त्यातली मोठी उणीव. १० बाय ११ ची बेडरूम घ्या. १० फुटांच्या भिंतीला २ फूट खोल कपाट, समोर हेडबोर्डसह पावणेसात फुटांचा पलंग. मध्ये उरतात २ फूट ३ इंच. चित्रात चालायला जागा दिसते. आठ फुटी कपाटाला दोन-दोन फुटांची चार दारे केली, तर दार पूर्ण उघडल्यावर पलंगापर्यंत तीन इंच राहतात. त्याच कपाटाला १६ इंचांची सहा दारे केली तर ११ इंच राहतात, माणूस बाजूला उभा राहून कपडे काढू शकतो. सरकते दार घ्यायचे म्हटले तर ट्रॅकसाठी कपाट तीन इंच खोल वाढते आणि वाट २ फुटांवर येते. म्हणून डिझायनरला सांगावे, प्रत्येक दार, प्रत्येक ड्रॉवर उघडून चित्र दाखवा. कपाट दोन भिंतींच्या मधोमध बसणारे असेल तर तीन मापांतले सर्वांत लहान माप धरून ते त्याहूनही वीसेक मिलिमीटर कमी करायचे आणि कडेला फिलर पट्टी घ्यायची. भिंत ओळंब्यात नसते, आणि खाली स्कर्टिंग पुढे आलेली असते. जाडीही हिशेबात घ्यावी. १८ मिलिमीटर प्लायला बाहेरून १ आणि आतून ०.८ मिलिमीटरचा लॅमिनेट लागला की फळी जवळजवळ २० ची होते. पाच उभ्या फळ्यांत हा फरक ९ मिलिमीटरचा झाला, आणि तेवढ्याने ड्रॉवरचे चॅनेल बसत नाहीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेली आठ बाय चारची शीट लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने जाते, याचीही मजुरी कोटेशनमध्ये आधीच दिसावी. तयार सोफ्याचे तर लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि मुख्य दाराची चौकट ही तीन मापे घेतल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

स्वयंपाकघरात परदेशी साधने ओट्याची उंची आपोआप ३६ इंच धरतात. पाच-सव्वापाच फूट उंचीच्या बाईला त्यावर शेगडी आणि शेगडीवर कढई आली की खांदे उचलून फोडणी घालावी लागते. कोपर वाकवून उभे राहायचे, कोपराची उंची मोजायची आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे, तो आपला ओटा. आपल्याकडे तो बहुतेकदा ३२ ते ३४ इंचांवर येतो. हा आकडा साधनात हाताने भरावा लागतो. या साधनांच्या सामानात गॅसचा सिलिंडर सहसा नसतोच. १४.२ किलोचा सिलिंडर फूटभर रुंद आणि दोन फुटांहून थोडा उंच, वर रेग्युलेटर, आणि नळी वळायला जागा. जिथे पाइप गॅस नाही तिथे ओट्याखालचा एक कप्पा त्यालाच द्यावा लागतो, म्हणजे चित्रात दाखवलेली तिथली ट्रॉली बाद. त्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला जाळी किंवा भोके हवीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तळाशी साचतो. चिमणी शेगडीपासून किती वर, ते तिच्या पुस्तिकेत दिलेले असते, साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर. वरची कपाटे त्याप्रमाणे आखावीत.

सर्वांत गंभीर बाब भिंतींची. नकाशाच्या साधनात भिंतीवर बोट ठेवून ती पुसता येते आणि हॉल-किचन एक होते. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना सगळे मायवन म्हणतात त्या इमारतींत आतल्या बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. त्या पाडायच्या तर नसतातच, वायरिंगसाठी खोल झिऱ्याही मारायच्या नसतात. जुन्या इमारतीत विटांची चार इंची भिंत असली तरी वर बीम आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लेखी दिल्याशिवाय आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय हातोडा लावू नये. टॉयलेटचे भांडे चित्रात दुसऱ्या कोपऱ्यात सरकवले, की चार इंची पाइपला ढाळ द्यावा लागतो आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते. ढाळ मिळाला नाही तर तुंबते, वॉटरप्रूफिंग फसले तर खालच्या घराच्या छताला ओल येते. विक्रेत्याने भिंत हलवलेले किंवा भांडे सरकवलेले चित्र या सूचनेशिवाय देऊ नये.

रंगाविषयी थोडक्यात. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा अर्थ स्वतःच ठरवतो. जुनी भिंत गुलाबी असेल तर नव्या रंगातही ती झाक उतरते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली आणि ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली एकच रंग दोन रंगांसारखा दिसतो. चित्रावरून दोन-तीन छटा निवडाव्यात, त्यांचे छोटे डबे आणून दोन फूट बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत, आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री त्याच भिंतीला टेकवून पाहावा. ओल असलेल्या भिंतीचे चित्र काढूच नये, आधी ओल काढावी.

ऑनलाइन खरेदीबाबत ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २०२० मध्ये जाहिरातीत दाखवलेल्या गुणधर्मांप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण चित्रावर कोड, साइज आणि माप नसेल, तर दाखवले काय होते आणि मिळाले काय, हे ग्राहकाने सिद्ध कशाने करायचे? प्रामाणिक विक्रेत्यालाही हेच संरक्षण लागते, कारण ‘टॅबवर तर असे दिसत होते’ या वाक्याला त्याच्याजवळही आज उत्तर नसते.

छापायचे ते फार नाही. चित्राच्या तळाशी एवढा मजकूर पुरे : ‘हॉल, जमिनीलगत ३०५० × ४८८० मि.मी., दुकानाच्या माणसाने लेझर मीटरने मोजले, तारीख अमुक. टाइल ६०० × १२०० मॅट, कोड अमुक, लॉट अमुक, आडवी मांडणी, सांधा २ मि.मी., नग २७, खोकी १४. गृहीत : भिंती गुण्यात, स्कर्टिंग वेगळी. रंगछटा पडद्यावरची, नमुना पाहून ठरवावी.’ खाली दोघांच्या सह्या.

आपला,
गृहसजावट व्यवसायातील एक वाचक, पुणे